शिक्का न बसलेला दाखला

मित्रांनो, मी एक जुना जन्मदाखला आहे, आणि मला बसलेल्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. बोलता बोलता आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहान गावाच्या नोंदणी कचेरीत झाला. एक मुलगी जन्माला आली, म्हणून मीही आलो. तिच्या जन्माची नोंद झाली तेव्हा घरात नावावर एकमत होत नव्हते, म्हणून नोंदवहीतला नावाचा रकाना तेवढा कोरा सोडला होता. दीड महिन्याने तिचे वडील नाव ठरवून दाखला न्यायला आले. नोंदवही नेमकी बांधणीला गेली होती. वडिलांकडच्या पावतीवरून कारकुनाने माझे रकाने भरले आणि निळ्या शाईने, मोत्यासारख्या अक्षरात तिचे नाव लिहिले. मग घाईघाईत गोल शिक्का उचलला आणि थेट नावाच्या शेवटच्या अक्षरावर चढवला. अर्धा शिक्का नावावर, अर्धा बाहेर! एवढी मोकळी जागा काय शोभेला ठेवली होती? मला भारी राग आला. "वही आली की तिच्यातही नाव लिहितो," असे कारकून म्हणाला. वडिलांनी मान डोलावली आणि मला खिशात घातले.

वडील वायरमन. उघडी तार आणि उघडा कागद, दोन्ही त्यांना बघवत नसत. घरातला टीव्हीचा रिमोटसुद्धा ते पिशवीत घालून वापरत. मग लेकीचा दाखला कसा उघडा राहील? त्यांनी मला झेरॉक्सच्या दुकानात नेले आणि दोन तापलेल्या रुळांमध्ये सोडले. जीव गुदमरला माझा! बाहेर आलो तो कडक, चकचकीत, प्लास्टिकमध्ये बंद होऊन. मला वाटले संपलो. पण दुकानदार म्हणाला, "आता शंभर वर्षं काही होत नाही याला." हे ऐकून मी जरा फुगलो, हे कबूल करतो.

पुढे माझे कौतुकच झाले. शाळेत मुख्याध्यापिका बाईंनी मला हातात धरून सगळ्यांना दाखवले. "असा जपावा दाखला!" थोरली चार वर्षांची असताना घरात धाकटा भाऊ आला आणि त्याचाही दाखला आला. तोवर वडिलांच्या मागे कामाचा व्याप वाढला होता, त्यामुळे त्याला प्लास्टिक मिळालेच नाही. बिचारा चार घड्या घालून डब्यात पडलेला, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. मी त्याच्याशी बोलतही नसे.

मग वडिलांना परदेशात काम मिळाले. ते पुढे गेले आणि वर्षभराने आई व मुलांना बोलावण्याची वेळ आली. व्हिसाच्या मुलाखतीआधी मुलांच्या दाखल्यांवर एका मोठ्या कचेरीचा शिक्का लागणार होता. मुलाखत आठ दिवसांवर होती. आई आम्हा दोघांना घेऊन त्या कचेरीच्या खिडकीपाशी गेली. मी ऐटीत वर होतो.

खिडकीतल्या बाईंनी आधी धाकट्याचा दाखला उलगडला, डागाकडे बघितले, पालथा केला आणि पाठीवर शिक्का मारला. झाले त्याचे काम! मग मला उचलले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हा प्लास्टिकमध्ये का घातलात?"

"नीट राहावा म्हणून," आई म्हणाली.

"राहिलाय नीट. पण चालणार नाही. शिक्का कागदावर लागतो, बाई. हे बघा."

त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारून दाखवला. शाई घसरली, पसरली. टेबलावर सांडलेले पाणी पुसावे तशी त्यांनी ती फडक्याने पुसून टाकली.  मित्रांनो, नऊ वर्षे ज्या प्लास्टिकच्या जोरावर मी मिरवलो, तेच माझ्या आड आले होते. आणि ज्याला मी हिणवले, तो शिक्का घेऊन पिशवीत जाऊन बसला होता.

"जिथे नोंद झाली तिथून नवी प्रत आणा. नाहीतर या मुलीचं काही होणार नाही," बाई म्हणाल्या. म्हणजे आई आणि धाकटा जाणार, आणि थोरली मावशीकडे मागे राहणार. किती दिवस, ते कोणालाच सांगता येईना. थोरली शेजारीच उभी होती. तिने सगळे ऐकले.

ते गाव लांब होते. आईने वडिलांना फोन लावला. "अगं, इस्त्री कोमट करून वरून फिरव," ते म्हणाले. "सुटतं ते." आईने हलक्या हाताने इस्त्री फिरवली, कोपरा धरला आणि प्लास्टिक ओढले. सुरुवातीला सहज निघाले. पुढे माझी कातडीच सोलल्यासारखे झाले. आईचा हात थांबला तेव्हा उशीर झाला होता. थोरलीचे नाव कागद सोडून प्लास्टिकला चिकटून वर आले होते, शिक्क्याचा अर्धा भाग घेऊन! माझ्या अंगावर त्या जागी नुसता पांढरा, केसाळ खळगा राहिला.

"अहो, नाव गेलं हो तिचं," आई फोनवर म्हणाली.  वडील म्हणाले, "मीच घातलं होतं ना ते प्लास्टिक."

आईने संतापून ते प्लास्टिक केराच्या टोपलीत टाकले. थोरलीने ते गुपचूप काढून चित्रांच्या वहीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्या मायलेकी माझ्या जन्मगावी पोहोचल्या. कचेरीत आता एक तरुण साहेब होते. त्यांनी नोंदवही उघडली आणि रकान्यांवरून बोट फिरवत वाचू लागले. "तारीख बरोबर. आईवडिलांची नावं बरोबर. मुलीचं नाव..." बोट थांबले. रकाना कोरा होता. मोत्यासारखे अक्षर काढणारा कारकून ते काम तसेच ठेवून कधीच निवृत्त झाला होता!

"दाखल्यावर असेल ना?" साहेबांनी विचारले. आईने मला पुढे केले. त्यांनी माझा खळगा बघितला आणि मला तोंड लपवावेसे वाटले.

"शाळेच्या कागदांवर आहे तिचं नाव," आई घाईने म्हणाली.

"चालतील. पण मग प्रकरण वर पाठवावं लागतं. दोन महिने तरी धरा."

"म्हणजे माझं नाव कुठेच लिहिलेलं नाही?" थोरलीने विचारले. आईने तिला जवळ ओढले. माझे तर कागदाचे काळीज फाटले.

मग थोरलीने दप्तर उघडले आणि चित्रांच्या वहीतून ते प्लास्टिक काढून टेबलावर ठेवले. "हे बघा ना, काका. यावर आहे."

साहेबांनी ते उचलून माझ्यावर ठेवले. जरा डावीकडे सरकवले, मग जरा वर. नाव खळग्यात बसले. शिक्क्याचा अर्धा भाग माझ्यावर होता, अर्धा प्लास्टिकवर, आणि दोन्ही मिळून पुरता गोल झाला. एक रेघही चुकली नाही. ज्या तिरप्या शिक्क्यावर मी नऊ वर्षे दात खात होतो, तोच साक्षीला आला.

"जुळलं की!" साहेब खुर्चीतून उठलेच. त्यांनी आईकडून अर्ज लिहून घेतला आणि पेन उघडले.

नवी प्रत त्याच दुपारी निघाली. मला मात्र त्यांनी प्लास्टिकसह अर्जाला टाचले. "हा आम्हाला परत नाही मिळणार?" थोरलीने विचारले. "नाही बाळा. हा आता पुरावा आहे." तिने माझ्या चहूबाजूंनी बोट फिरवले आणि मला सोडले. नव्या प्रतीवर मोठ्या कचेरीचा शिक्का बसला आणि ती परदेशी गेली, आईचा हात धरून.

मित्रांनो, आज घरी गेलात की तुमचा दाखला मागून घ्या. प्लास्टिकमध्ये बंद करू नका, साध्या पाकिटात ठेवा. आणि मोठ्यांना विचारा, नोंदवहीत नाव लिहिलेले तुम्ही डोळ्यांनी बघितले आहे का? नुसते जपणे पुरत नाही, हे मला फार उशिरा कळले.

मी इथे कपाटात आहे. अंगावर आता तिचे नाव नाही. शेजारच्या नोंदवहीत आहे, ठळक निळ्या शाईत. साहेबांनी ते लिहिले तेव्हा आई म्हणाली, "चल, बस निघेल." पण शाई वाळेपर्यंत थोरली टेबलापासून हलली नाही.