काख कोणाची?

शनिवारी दुपारी बोळा सोफ्याखालून बाहेर आला, तो तीन पायांवर.

चौथा पाय होता त्याच्याकडे. पुढचा उजवा. पण तो त्यानं छातीशी दुमडून धरला होता, गर्दीत पाकीट धरावं तसा. आम्ही चौघं जिथल्या तिथे थिजलो. ताईच्या हातात अजून ओला टॉवेल होता, कारण सकाळीच तिनं त्याला आंघोळ घातली होती.

"मी पाडला नाही हं," ताई म्हणाली. कुणी विचारलंही नव्हतं.

बोळा म्हणजे आत्याचा कुत्रा. उशीएवढा, पांढरा, आणि केस इतके लांब की तो चालत नाही, फरशीवरून सरकतो असं वाटायचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आई-बाबांची अक्का. ती आमच्यातच राहते. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती महिनाभर दवाखान्याच्या व्यायाम विभागात होती आणि तिथे तिनं एकच व्यायाम नेमानं केला, तो म्हणजे नकार द्यायचा. पलंगापासून बाथरूमपर्यंत, तेही वॉकर धरून. त्यापुढे एक पाऊल नाही. व्यायाम शिकवणारी मुलगी रडकुंडीला आली.

"चालीन की," आत्या तिला म्हणायची. "घरी गेल्यावर. बोळ्याबरोबर. तुझ्याबरोबर चालत मला जायचंय कुठे?"

डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता चालल्या नाहीत तर गुडघे आखडतील, आणि मग खुर्ची ती खुर्चीच. म्हणजे घराची सगळी भिस्त एका उशीवर होती. आत्या उद्या घरी यायची होती आणि उशी लंगडत होती.

"दोघांपैकी एकाला तरी चालता यायला हवं होतं," आई म्हणाली आणि खाली बसली.

खरं तर बोळ्याची हयगय झाली असं म्हणायला जागा नव्हती. जाताना आत्यानं बजावलं होतं, "रोज विंचरा. वरवर नाही, मुळापासून." पहिल्या आठवड्यात त्यावरून घरात रोज महाभारत झालं. ताई म्हणायची मी काल केलं, मी म्हणायचो तुझं काल म्हणजे परवा, आणि आई म्हणायची तुमच्या भांडणापेक्षा कुत्रा लहान आहे. शेवटी बाबांनी टेप काढला.

बाबा जमीन मोजणी खात्यात आहेत. ज्याच्यावरून दोन माणसं भांडतात त्याची हद्द ठरवून टाकायची, हा त्यांचा पेशा आणि स्वभाव. त्यांनी बोळ्याला टेबलावर निजवून मोजलं. बोळ्याला वाटलं लाड चाललेत, त्यामुळे त्यानं पूर्ण सहकार्य केलं. संध्याकाळी फ्रिजवर नकाशा लागला. डोकं बाबांकडे. धड ताईकडे. चारही पाय आईकडे, कारण फिरून आल्यावर ते धुते तीच. शेपटी आणि शेपटीलगतचा परिसर माझ्याकडे. शेंडेफळाच्या वाट्याला येतं ते आलं.

आणि मग आम्ही इमानेइतबारे राबलो. बाबा रोज ओल्या कापसानं त्याचे डोळे पुसायचे, कान बघायचे, बोटावर ब्रश चढवून दात घासायचे. त्यांनी स्वतःच्या दातांना एवढा वेळ कधी दिलेला नाही. आई नखांच्या मधले केससुद्धा विंचरायची. माझी शेपटी तर चारचौघांत काढून दाखवावी अशी होती. कुणी कुणाच्या हद्दीत कंगवा घालायचा नाही, एवढा एकच नियम. एकदा माझा कंगवा अनवधानानं पाठीवर गेला तर ताईनं तीन दिवस अबोला धरला.

"माझ्या पायांना काही झालं असेल तर," आई बोळ्याला उचलत म्हणाली, "मी अक्कांना तोंड दाखवणार नाही."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय चाचपला. बोळा किंचाळला. मग आम्ही किंचाळलो. एक्सरे झाला. बाईंनी तो उजेडात धरला.

"हाड ठीक आहे. सांधा ठीक आहे. मोडलं काहीच नाही."

"मग?" बाबांनी विचारलं.

बाईंनी बोळ्याच्या काखेत दोन बोटं घातली आणि त्यांचा चेहरा बदलला. "गाठ आहे," त्या म्हणाल्या. "केवढी मोठी!"

आईनं तोंडावर हात धरला. ताई भिंतीला टेकली. बाबांच्या पायाखालची जमीन सरकली, आणि मोजणी खात्यातल्या माणसासाठी ही साधी गोष्ट नव्हे. माझ्या डोळ्यांसमोर खुर्चीत बसलेली आत्या आली, मांडीवर रिकामी उशी घेऊन.

"केसांची गाठ हो," बाई म्हणाल्या. "रडताय काय? बघा हात लावून."

मी हात लावला. लांब रेशमी केसांच्या खाली, काखेत, लिंबाएवढा कडक गोळा होता. त्यानं आजूबाजूची कातडी अशी ओढून धरली होती की पाय सरळ करायची सोयच नव्हती.

"आंघोळ घातलीत?"

"आज सकाळी," ताई पुटपुटली. "चांगला चोळून चोळून पुसला."

"गुंता न सोडवता पाणी घातलंत. ओला गुंता वाळताना आवळतो. स्वेटर आटतो ना, तशी ह्याची काख आटलीय." बाईंनी चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "पण रोज विंचरता म्हणालात ना?"

"रोज!" आम्ही चौघं एका सुरात.

"मी पाय विंचरते," आई म्हणाली. "कोपरापासून खाली."

"मी धड," ताई म्हणाली. "पाय सुरू होतात तिथपर्यंत."

बाईंनी हातातला एक्सरे खाली ठेवला. बहुधा त्यांच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत कुत्र्याची वाटणी झालेली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली असावी.

"मग काख कोणाची?"

बोळ्यानंही मान वर केली. आईनं ताईकडे बघितलं. ताईनं बाबांकडे बघितलं. बाबांनी एक्सरेकडे बघितलं.

"ती... रेघेवर येते," बाबा म्हणाले.

नकाशावरच्या रेघेला जाडी नसते. कुत्र्यावर असते, हे खात्यात कुणी शिकवलं नव्हतं.

"काखेत कळसा आणि..." आईनं सुरुवात केली.

"आई, आत्ता नको," ताई म्हणाली.

बाईंनी केस कापायचं मशीन सुरू केलं. उजवी काख निघाली. खाली कातडी लालभडक. मग त्यांना कसलीशी शंका आली म्हणून त्यांनी डावी काख बघितली. तिथेही गोळा. मागच्या दोन्ही जांघांत गोळे. कानांमागून गळ्याभोवती, जिथे बाबांचं डोकं संपून ताईचं धड सुरू होत होतं, तिथे अख्खा पट्टा लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट. माझ्या शेपटीच्या परिसराभोवती कडं. मशीन गुरगुरत फिरत राहिलं, केसांचे तुकडे पडत राहिले, आणि शेवटी बाई दोन पावलं मागे सरकल्या.

आम्ही आ वासून बघत राहिलो. बोळ्याचे केस जागच्या जागी होते. डोकं, धड, पाय, शेपटी, सगळं लांब, मऊ, चकचकीत. फक्त मधल्या रेघा तेवढ्या गुलाबी, टकल्या. टेबलावर बाबांचा नकाशा उभा होता. प्रमाण एकास एक.

"रेघा चुकलेल्या नाहीत," बाबा हळूच म्हणाले. त्यांना तसं म्हणायचं नसावं.

"सगळाच भादरून टाका ना," ताई काकुळतीला आली. "उन्हाळ्यासाठी केला असं सांगू."

"आज बस्स. थकलाय तो, आणि कातडी हुळहुळी झालीय. मलम लावा. उद्यापर्यंत पाय टेकवेल. नाही टेकवला तर घेऊन या."

रविवारी सकाळी त्यानं पाय टेकवला नव्हता. अकरा वाजता आत्या आली. वॉकर धरून दारापासून पहिल्या खुर्चीपर्यंत, आणि खुर्ची लागताच धपकन बसली.

"झालं माझं चालून," ती म्हणाली. "बोळा कुठाय?"

तिचा आवाज ऐकून तोच आतल्या खोलीतून आला आणि तिच्या पायाशी उभा राहिला. आत्यानं वाकून पाहिलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग एक बोट गळ्याभोवतीच्या गुलाबी रेघेवरून फिरवत काखेपर्यंत नेलं, तिथून पोटाखालून पुढे. तिच्या ओठांवरचा रंग उडाला होता.

"बाळ्या," ती बाबांना म्हणाली. बाबा पन्नाशीचे आहेत, पण त्या क्षणी ते सात वर्षांचे झाले. "ही तुझी रेघ."

"अक्का, त्याचं काय झालं, कामाची वाटणी..."

"वाटणी? कुत्र्याची?"

"म्हणजे भांडणं नकोत म्हणून मी फक्त हद्द..."

"थांब तिथंच. तुझी हद्द दाखवते तुला."

टेबलावर लोखंडी कंगवा होता. आत्यानं तो उचलला आणि ती उठली. वॉकर बाजूलाच उभा होता. तिनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं.

आईनं धावत जाऊन तिला धरायला हात पुढे केला आणि तसाच हवेत ठेवला. बाबा जागेवर उभे होते, चेहरा पांढराफटक, आणि आत्या तिसऱ्या पावलात त्यांच्या पुढ्यात पोचणार होती.

बाबा एक पाऊल मागे सरले.

"पळतोस कुठे?"

"नाही अक्का," बाबा म्हणाले आणि आणखी एक पाऊल मागे सरले. फार मोठं नाही. बेतानं, मोजून. आत्या एक पाऊल पुढे. "आंघोळसुद्धा आधी घातली आम्ही, गुंता न सोडवता," बाबांनी स्वतःहून सांगून टाकलं. आत्याची दोन पावलं पडली.

"आणि दात?" ती कडाडली.

"दात रोज घासले." इथे आत्या थबकली. बाबांचं लगेच लक्षात आलं. "पण तुझ्याच रुमालानं पुसले," ते म्हणाले, आणि ती परत निघाली.

सोफा मागे पडला, टेबल मागे पडलं. बोळा तिच्या पावलाला पाऊल लावून निघाला होता, जरा अडखळत, पण चारही टेकवत. बाबांची पाठ आता दाराला लागायच्या बेतात होती. आईनं मला डोळ्यांनी खूण केली, आणि मी बाहेरच्या लांबलचक व्हरांड्याचं दार उघडलं.