मी, काही दिवस कपाट झालेला दरवाजा

माझ्या खालच्या अंगाला पुस्तकांची एक कागदी ओळ चिकटलेली दिसतेय ना? गैरसमज नको. एकही वाचलेलं नाही मी. मी दरवाजा आहे, आणि मध्यंतरी माझं कपाट झालं होतं, त्याची ती खूण.

अमेरिकेतल्या लिंडन गावच्या या बैठ्या घराला मला बसवलं तेव्हा इथे एक कुटुंब राहायचं. त्यांच्या पोरांनी मला इतकं आपटलंय की माझी एक बिजागरी अजून कुरकुरते. मग फिलिपिन्सहून आलेल्या मर्लिंडाने घर घेतलं आणि सहा विसरभोळी म्हातारी माणसं सांभाळायला लागली. इथे कुणी कुणाला ओळखलं नाही तर वाईट वाटून घ्यायचं नसतं. विल्माआजी रोज सकाळी मलाच विचारायच्या, टपाल आलं का? मी कुरकुरायचो. त्यांना तेवढं पुरायचं.

खरी धमाल सुरू झाली गेरिट आले तेव्हा. उभा जन्म गाईंमध्ये गेलेला माणूस. ऊन कलायला लागलं की त्यांच्या पायाला भिंगरी लागायची. टोपी घालायची आणि थेट माझ्याकडे. मर्लिंडा म्हणायची, लोलो, जेवून तरी जा. तिच्या मुलखात आजोबांना लोलो म्हणतात. पण ऐकतो कोण? आणि खरं सांगू, मी त्यांच्याच बाजूचा होतो. उघडायला कुठल्या दरवाजाला आवडत नाही? पण एकदा ते हमरस्त्याच्या मधोमध सापडले, समोर दुधाचा टँकर कसाबसा थांबलेला. तेव्हा मात्र माझी चांगलीच तंतरली.

त्यांची मुलगी मारायका धावत आली. पुन्हा असं झालं तर बाबांना शहरातल्या कुलूपबंद संस्थेत हलवावं लागेल, म्हणाली आणि रडली. तिथल्या खिडकीतून शेत दिसत नाही, नुसत्या उभ्या गाड्या दिसतात. मर्लिंडाने शब्द दिला, पुन्हा नाही होणार. दुसऱ्याच दिवशी तिने माझ्यावर भल्यामोठ्या पुस्तकांच्या कपाटाचं चित्र चिकटवलं. दार दिसलंच नाही तर म्हातारा जाईल कुठून?

गेरिट गेले नाहीत, पण त्यांचे हाल बघवेनात. संध्याकाळभर भिंती चाचपायचे, कागदी पुस्तकं ओढायचे, घामाघूम व्हायचे. जेवणाला हात लावेनात. मला रडू यायचं हो. मारायका म्हणाली, यापेक्षा संस्था बरी. बाबांना कधी न्यायचं, ते ठरवायला दोघी बसल्या.

नेमके त्याच संध्याकाळी सरकारी तपासनीस आले, पर्किन्स नावाचे. आले स्वयंपाकघराच्या दाराने, आणि सगळं पाहून झाल्यावर पुढच्या दाराने निघाले. म्हणजे निघायला गेले! आधी कपड्यांच्या कपाटात शिरले, मग न्हाणीघरात. विल्माआजींनी त्यांची समजूत काढली, "बसा हो. तुम्हालाही खोली मिळेल इथे."

हसून हसून माझी चौकट ढिली झाली. शेवटी मर्लिंडाने मला उघडून दाखवलं. पर्किन्स लालबुंद. आग लागली तर ही माणसं काय पुस्तकं वाचत बसणार आहेत? कागद ताबडतोब काढा, असं बजावून तणतणत गेले, आणि मला सताड उघडा टाकून गेले.

समोर टोपी घातलेले गेरिट. मर्लिंडा भात बघायला आत गेलेली. मी म्हटलं, संपलं. आता हे जाणार, आणि मग इथून कायमचेच जाणार.

गेरिटनी बाहेर पाहिलं. मग वळून एकेका म्हाताऱ्यावर बोट रोखत काहीतरी पुटपुटले. विल्माआजींपाशी येऊन समाधानाने मान हलवली.

"सगळ्या आत आल्यात," ते म्हणाले, "आणि तो गाढव गोठा उघडा टाकून गेला."

त्यांनी मला लावलं, कडी घातली, वर दोनदा थोपटलं. टोपी काढली. "पोरी, वाढ आता. भूक लागलीय."

"गोठा लावल्याशिवाय बाबा कधी जेवायला बसायचे नाहीत," मारायका म्हणाली. "मीच विसरले."

"मी काय गाय आहे?" विल्माआजी फणकारल्या. पण तेवढ्यात गरम भात आला आणि त्या विसरल्या.

संस्थेचं नाव पुन्हा निघालं नाही. कागद निघाला, ही एक ओळ तेवढी हट्टाने राहिली. मला लावायचं काम आता गेरिटचं. आणि मला बंद होण्यातही मजा वाटायला लागलीय, आता बोला!

गेल्या महिन्यात विल्माआजी गेल्या. त्या संध्याकाळी गेरिटनी मोजलं, पुन्हा मोजलं. कडीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. एक बाहेर राहिलीय, म्हणाले. ताटं निवत आली. कुणाचंच ऐकेनात. शेवटी मर्लिंडा डोळे पुसून विल्माआजींच्या खुर्चीत जाऊन बसली.

गेरिटनी तिला नीट न्याहाळलं. "ही नवी दिसते," ते म्हणाले आणि त्यांनी कडी घातली.

तेव्हा मंडळी, या कधीही. फक्त जाताना मला उघडा टाकू नका, आणि संध्याकाळी त्या खुर्चीत बसू नका. मोजले जाल, मग सकाळपर्यंत सुटका नाही.