रागाची गोळी

"गोळी रोज घेत होते ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो तर," मी म्हणाले. माझ्या धाकट्या भावाबद्दल कुणी काही विचारलं की उत्तर मी द्यायचं, ही लहानपणापासूनची सवय.

शेजारी भावजय चुळबुळली. "रोज म्हणजे... राग आला की घ्यायचे."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "राग आला की? म्हणजे कसं?"

आता हे त्यांना कसं समजावायचं? काचेपलीकडे भाऊ निपचित पडला होता. अर्धं तोंड ओघळलेलं, उजवा हात चादरीवर कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. सकाळी दाढी करताना वस्तरा हातातून गळला आणि पाठोपाठ तोही. एका गालावरचा साबण अजून कुणी नीट पुसला नव्हता. आणि आम्ही दोघी अभ्यास न केलेल्या पोरींसारख्या माना खाली घालून बसलो होतो.

तर आमच्या घरात रक्तदाबाच्या गोळीला रागाची गोळी म्हणतात. आमचे वडील गेले ते भांडता भांडता. घरमालकाशी जिन्यात जुंपली होती. वडिलांचा आवाज चढत गेला आणि मध्येच तुटला. ते पायऱ्यांवरच कोसळले. आईनं तिथल्या तिथे निदान करून टाकलं, रागानं डोक्यातली शीर फुटली. त्यानंतर डॉक्टर काय म्हणाले हे ऐकायची कुणाला गरजच वाटली नाही.

मी वडिलांवर गेले. माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकाशी वाजल्याशिवाय माझा दिवस मावळत नाही. स्वतः जाड व्हायचं आणि पँट आटली म्हणून मला सुनावायचं, हे मी का ऐकून घेऊ? भाऊ मात्र आजीवर, वडिलांच्या आईवर गेला, असं सगळे म्हणायचे. आजीनं उभ्या जन्मात कुणाला 'अरे' म्हटलं नव्हतं. हाही तसाच. पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या खिडकीवर त्याची नोकरी. दिवसभर लोकांचे शिव्याशाप झेलायचे. ऑफिसात त्याला शांतोबा म्हणत. एकदा एका बाईनं गढूळ पाण्याची बाटली त्याच्यासमोर आपटली, तर यानं आधी आपल्या बाटलीतलं पाणी तिला पेल्यात ओतून दिलं आणि म्हणाला, "घ्या, हे आपल्या नळाचं नाही, घरून उकळून आणलंय." बाई हसली म्हणे.

चाळिशी उलटल्यावर आम्हा दोघांनाही रक्तदाब निघाला आणि डॉक्टरांनी दोघांना एकच गोळी लिहून दिली. मी म्हणाले, "माझं समजू शकते. तुला कशाला रे? तू तर डास चावला तरी त्यालाच सॉरी म्हणशील."

"तुझा राग हवेतून लागला असेल, ताई," तो म्हणाला.

मग काय, मला रोजच राग यायचा, मी रोज घ्यायची. त्याला येत नसे, तो घेत नसे. सरळ हिशोब होता. भावजय आठवण करायची तर म्हणायचा, "अगं, आज कुठे चिडलोय मी?"

हे सगळं ऐकून डॉक्टरीणबाई रागावतील असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी विचारलं, "वडिलांच्या बाजूला आणखी कुणाला असं झालं होतं का?"

"नाही, बाकी कुणी तापट नव्हतं."

"तापट नका बघू, काकू. कुणाची एक बाजू लुळी पडणं, बोलणं जाणं, असं काही?"

मला आजी आठवली. आतल्या खोलीतली खाट, तिचं वाकडं झालेलं तोंड, वाटीनं भरवलेली पेज. "आजी होती पडून. पण ती गाय होती हो अगदी. तिचं वय झालं होतं."

"किती होतं वय?"

मी मनात हिशोब केला. आजी पडली तेव्हा ती माझ्या आत्ताच्या वयाहून लहान होती.

"रागाचं एवढं काही नसतं," त्या सावकाश म्हणाल्या. "रक्तदाब कितीतरी लोकांना असतो, सगळ्यांना झटका येत नाही. पण काहींच्या शिरा मुळातच नाजूक असतात, काहींच्या रक्तात गुठळ्या लवकर होतात. ते वारशानं येतं. एकाच कुठल्या दोषानं नाही, असे बारीकसारीक बरेच गोळा होतात. ते आपल्याला काढून टाकता येत नाहीत. रक्तदाब तेवढा आपल्या हातात असतो, म्हणून गोळी रोज. शांत माणसाचाही वाढतो. त्याला कळत नाही, एवढंच."

भाऊ आजीवर गेलाय म्हणताना आम्ही किती कौतुकानं म्हणायचो.

मग त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या माझ्या भाचीकडे पाहिलं. भावाची एकुलती एक. बालवाडीत शिकवते, आणि तिचं बोलणं ऐकायचं तर आपल्याला श्वास रोखावा लागतो. "तुझा कधी मोजलाय?"

"माझा? मी कधी चिडतसुद्धा नाही," भाची म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. आकडा बघितला. तोच पट्टा त्यांनी दुसऱ्या दंडाला गुंडाळला. भावजयीनं माझा हात घट्ट धरला. मला इतका राग आला, आणि काढायला समोर कुणीच नव्हतं. पुढे दोनतीनदा तपासून भाचीलाही गोळी सुरू झाली.

भाऊ घरी आला तो काठी घेऊन आणि शब्द हरवून. काही सांगायला जायचा, नुसता घशातून आवाज यायचा. लोक भेटायला येत, याच्याशी मोठ्यानं बोलत, जणू तो बहिरा झालाय. तो मान डोलवायचा. तेवढा स्वभाव शाबूत होता.

परवा मी सकाळी त्याचे शर्ट घेऊन गेले. एका हातानं गुंड्या लागत नाहीत, म्हणून काढून आतून वेल्क्रोची चिकटपट्टी लावली होती आणि वरून गुंड्या नुसत्या शोभेला शिवल्या होत्या. ऑफिसात जाणाऱ्या माणसासारखा दिसायला हवा, एवढाच माझा हट्ट.

भाची दारात चपला चढवत होती. भावजयीनं गोळी आणि पाणी पुढे केलं.

"आल्यावर घेते गं आई. उशीर झालाय. आज मला काहीसुद्धा होत नाहीये."

आणि भावानं डावा हात टेबलावर आपटला. कप उडून फरशीवर फुटला. त्यानं पुन्हा आपटला, पुन्हा आपटला, आणि त्याच्या आतून असा आवाज निघाला की समोरच्या बिऱ्हाडातल्यांनी दार उघडून पाहिलं. चेहरा लालबुंद, गळ्याच्या शिरा ताठ. जन्मात मी त्याला असं पाहिलं नव्हतं. भावजय रडायलाच लागली.

भाची चपलांसकट आत आली. तिनं गोळी गिळली. मग त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून तोंड उघडलं, जीभ वर करून दाखवली. तो खाली वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. नीट बघितलं त्यानं, दोन्ही बाजूंनी. ओठांच्या कोपऱ्यातून ओघळलेली त्याची लाळ तिनं आपल्या रुमालानं टिपली. मग त्यानं हातानं दाराकडे खूण केली, जा.

ती गेल्यावर मी त्याला नवा शर्ट चढवला. त्याचा श्वास अजून भात्यासारखा चालला होता. मी चिकटपट्टी दाबत वरपर्यंत आले, कॉलर सारखी केली. 'शांत हो' असं मात्र मी त्याला म्हणाले नाही.