दक्षिणेची भिंत

ऑर्विलने चंदेरी कागदाचं वरचं टोक खिडकीच्या काचेवर दाबून धरलं, आणि मिसेस लुंड स्टुलावर उभ्या राहून ओल्या फडक्याने तो कागद खालपर्यंत सपाट करत आल्या. स्वयंपाकघरात पदार्थ गुंडाळायला वापरतात तो कागद. काचेवर तो बसला तसा खोलीतला उजेड एकदम गेला. भर सकाळी खोली विहिरीसारखी काळी झाली.

"हळू बोल हं," त्या कुजबुजल्या. "पलीकडे मायलो झोपलाय."

सगळेच झोपले होते. लुंड मोटेलच्या प्रत्येक खोलीत कोणी ना कोणी पडलेलं होतं. पत्ते वाटणारे, दारू ओतणारे, एक ट्रम्पेटवाला. रात्रभर लास वेगासच्या कॅसिनोंत दुसऱ्यांच्या हौसेपायी उभं राहायचं, उन्हं वर आली की इथे येऊन आडवं व्हायचं, चारला उठायचं. म्हणून खिडक्यांना कागद.

"आणि ते शेजारचे दिवे?" ऑर्विलने विचारलं. "त्रास होत असेल ना?"

शेजारी पोलर पॅलेस हॉटेल होतं. त्याच्या दाराशी खांबावरच्या पाटीत निऑनचे पेंग्विन घसरगुंडी खेळायचे. पाटीला तोंड असतं ते रस्त्याकडे. पाठ म्हणजे नुसता रंग दिलेला पत्रा, तिकडे कोणी बघत नाही. पण मालक डगनने या वसंतात पाठीलाही पांढरे बल्ब लावून घेतले होते. ते रात्रभर लुंड मोटेलच्या खिडक्यांत उघडझाप करत.

"तुमच्याच साइन कंपनीचे ना रे ते?" मिसेस लुंड हसल्या. "डगनला सांग, म्हातारी आभारी आहे म्हणावं. रात्री खोल्या सगळ्या रिकाम्या. मी त्या उजेडात चादरी वाळत घालते. अंगणातला दिवा काढूनच टाकलाय."

"म्हणजे झोपमोड नाही कुणाची?"

"आमची रात्र दुपारी असते, राजा. दुपार तेवढी गार गेली पाहिजे. मागच्या जुलैत एकच दिवस कूलर बंद पडला, तर संध्याकाळी चौघं सामान बांधून दारात उभे. त्यांचं तरी काय चुकलं? झोप झाली नाही की हातातून पत्ता चुकतो, आणि पत्ता चुकला की घरी बसवतात. माझ्यावर जीव आहे रे त्यांचा. पण जीव असून झोप थोडीच येते?"

ऑर्विलने कागदाचं दुसरं टोक धरलं. आयडाहोहून या गावात तो पहिल्यांदा आला, तेव्हा याच मोटेलमध्ये न्यूमोनियाने आडवा पडला होता. या बाईने त्याला महिनाभर चमच्याने सूप भरवलं होतं. ते त्याला आठवलं का? आठवलं. त्याने फरक काही पडला नाही. जे विचारायला तो आला होता ते त्याला कळलं होतं.

बाहेर गाडीत वाट बघत बसलेल्या डगनला त्याने ते सांगितलं, शब्द न् शब्द.

डगन मनाने वाईट नव्हता, असं त्याच्याबद्दल बोलायची इथे पद्धत आहे. तो वाईटच होता. पण ऑर्विलला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला मनोरा हवा होता. पाट्या रंगवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं: हॅमबर्गर, टायर, झटपट लग्न लावणारी चर्चं. आणि घरी, काळ्या पुठ्ठ्यावर, रात्री दिसेल तसा रंगवलेला तो मनोरा होता. दोनशे फूट उंच. निऑनच्या नळ्यांतून ध्रुवावरचा उजेड पायथ्यापासून चढत जातो, हिरव्याचा जांभळा होतो, आणि टोकाला पोचला की एक श्वासभर सगळं काळं. मग पुन्हा हिरवा. तो काळा श्वास ही त्याची करामत होती. असं या रस्त्यावर कोणी केलं नव्हतं. डगनलाही चित्र आवडलं होतं. अडचण एकच. लॉस एंजेलिसकडून येणाऱ्या गाड्यांना वाळवंटातूनच तो दिसायला हवा असेल, तर तो एकाच जागी उभा राहू शकत होता. आणि त्या जागेवर लुंड मोटेल होतं, जे मिसेस लुंड विकायला तयार नव्हत्या.

"दुपारी झोपतात," डगन म्हणाला. "मग काय करू, दुपारी दिवे लावू?"

"दिवे नकोत," ऑर्विल म्हणाला. "मला आठवडा द्या."

आठवड्याने डगन वर्कशॉपच्या मागच्या अंगणात येऊन उभा राहिला. लाकडी टेबलावर हॉटेलच्या नव्या दक्षिण भागाचा नमुना होता. पुढची भिंत म्हणजे बर्फाचा डोंगर, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा. आधीच्या आराखड्यात त्या भिंतीचे पैलू सपाट होते. आता ऑर्विलने मधले तीन पैलू आत वाकवले होते, पळीच्या खोलग्यासारखे. डोंगरासमोर मिसेस लुंडच्या मोटेलच्या जागी काड्यापेटी ठेवली होती.

ऑर्विलने डब्यातल्या सँडविचमधून सुरीच्या टोकाने थोडं लोणी काढलं आणि काड्यापेटीवर ठेवलं. दुसरा तेवढाच गोळा त्याने टेबलाच्या कडेला ठेवला.

"सपाट पत्र्यावरून ऊन पसरतं," तो म्हणाला. "बाक दिला की गोळा होतं."

"खायला बोलावलंयस की शाळेत?"

"बघा तर."

कडेचा गोळा नुसता मऊ झाला. काड्यापेटीवरचा आधी चकाकला, मग बसला, मग लाकडावरून ओघळू लागला. डगनने त्यात बोट घातलं आणि ओरडून बाहेर ओढलं. मग तो इतका हसला की त्याला टेबलाला धरावं लागलं.

"अरे हरामखोरा! बर्फाने भाजलं की मला!" त्याने बोट चोखलं. "आणि कुणी विचारलं तर?"

"डोंगराचा आकार आहे. डोंगर थोडाच सपाट असतो?"

"तुला चित्रकार कोण म्हणतं रे? तू तर कसाई आहेस." डगन हे कौतुकाने म्हणाला. "बोल, काय पाहिजे?"

"मनोरा चित्रात आहे तसा. वर पेंग्विन नको."

"एक? छोटासा?"

"एकही नको."

डगनने मान डोलावली. एवढी एकच गोष्ट ऑर्विलने त्या टेबलावर ताठ मानेने मागितली.

जूनमध्ये पत्रे चढले. लोक गाड्या थांबवून फोटो काढत. वाळवंटात बर्फ! वर्तमानपत्राने पहिल्या पानावर छापलं. दुपारी डोंगराच्या पोटातून उजेडाचा एक चट्टा खाली उतरे आणि लुंड मोटेलच्या छपरावरून सावकाश, एकेका खोलीवर थांबत, सरकत जाई. भिंतीच्या रंगाला फोड आले. अंगणातली प्लास्टिकची खुर्ची गुडघ्यात मोडल्यासारखी बसली. डब्यांत लावलेले टोमॅटो झाडावरच शिजले. मिसेस लुंड डोक्याला ओला पंचा गुंडाळून नळीने छपरावर पाणी मारत राहायच्या. पाणी मारलं की वाफ यायची.

त्या डगनकडे गेल्या. डगनने त्यांना सोफ्यावर बसवलं, लिंबू सरबत दिलं, वर बर्फ जास्त घातला.

"बाई, आमचा बर्फाचा डोंगर तुम्हाला गरम होतोय, हे मी बाहेर कुणाला सांगितलं तर लोक मला वेडा म्हणतील."

नगरपालिकेतला माणूस म्हणाला, ऊन कुणाच्या मालकीचं नसतं. मग त्या ऑर्विलला शोधत वर्कशॉपवर आल्या. चेहरा भाजून लाल झाला होता.

"तुझं ऐकतील रे ते हॉटेलवाले. मुद्दाम कोण करतंय असं, लक्षातच आलं नसेल त्यांच्या. त्या मधल्या भागाला नुसता एक हात मळका रंग मारला तरी भागेल. रंगाचे पैसे मी देते."

त्यांचं बरोबर होतं. एका हाताने भागलं असतं. एका सकाळचं काम.

"विचारतो," ऑर्विल म्हणाला.

त्याने विचारलं नाही.

ट्रम्पेटवाला सगळ्यात आधी गेला, जाताना रडला. मग दारू ओतणारे गेले, मग पत्तेवाले एकेक करून. जुलै संपेपर्यंत मायलो प्रॅट तेवढा राहिला. बावीस वर्षं ब्लॅकजॅकचे पत्ते वाटलेला म्हातारा, दुसरीकडे कुठे त्याला झोप लागत नसे. तो आंघोळीच्या टबात पाणी भरून, कडेला उशी ठेवून त्यातच झोपू लागला. एका दुपारी चार वाजून गेले तरी त्याचं दार उघडलं नाही. मिसेस लुंडनी चावीने उघडलं, तेव्हा टबातलं पाणी चहाएवढं गरम होतं. डॉक्टरने हृदयविकार लिहिला.

नंतरच्या आठवड्यात मिसेस लुंडनी मोटेलच्या विक्रीच्या कागदावर सही केली.

निघायच्या सकाळी ऑर्विल मोटेलच्या अंगणात होता. मोजपट्टी टाकून, डब्यातल्या पांढऱ्या फक्कीने मनोऱ्याच्या पायाची रेघ आखत होता. ऊन अजून भिंतीवर आलं नव्हतं. डोंगर राखाडी, थंड दिसत होता. मिसेस लुंड शेवटची पेटी गाडीत ठेवून त्याच्याकडे आल्या.

"बहिणीकडे चालले, ओमाहाला," त्या म्हणाल्या. "तुला एक सांगू? दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही मी."

ऑर्विल सरळ उभा राहिला.

"कूलरमधलं गवत बदलायचं राहिलं माझ्याकडून. मायलो दोनदा म्हणाला होता, वारा गरम येतोय म्हणून. मी म्हटलं, आता खोल्या रिकाम्या आहेत, हातात पैसा नाही, थोडं थांब." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "माझ्यामुळे गेला तो. मी मारलं त्याला."

ऑर्विलच्या हातातला फक्कीचा डबा तिरका झाला, थोडी फक्की सांडली. एक वाक्य पुरलं असतं. त्याने वर भिंतीकडे पाहिलं. तिथे आता दोन माणसं दोराला लटकून मधले तीन पैलू उतरवत होती. त्यांच्या जागी सपाट पत्रे बसायचे होते, मनोऱ्याच्या नळ्यांना ऊन लागू नये म्हणून. मिसेस लुंडही तिकडे बघत होत्या, पण त्या नुसत्याच बघत होत्या.

"यंदा उन्हाळाच कडक होता," तो म्हणाला.

"उन्हाळे मी खूप पाहिलेत रे." मग अंगणावर नजर फिरवून म्हणाल्या, "इथे काय येणार?"

"दिवे."

"छान असतील?"

आणि ऑर्विल बोलू लागला. हिरवा कसा सावकाश चढतो, जांभळा कुठे सुरू होतो, टोकाला पोचल्यावर सगळं कसं विझतं आणि बघणाऱ्याचा श्वास अडकतो. कितीतरी दिवसांत तो इतकं बोलला नव्हता. त्याचे हात हवेत वर जात होते. मिसेस लुंड मान वर करून, तिथे आधीच काही असल्यासारखं, रिकाम्या आकाशात बघत होत्या.

"तू केलंस हे सगळं?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. तुझं तरी काहीतरी झालं."

तो खाली बघत होता.

"मिसेस लुंड, जरा मागे सरकता? रेघेवर उभ्या आहात तुम्ही."

"अगंबाई! माफ कर हं, दिसलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि बुटाला लागलेली फक्की त्यांनी वाकून, हाताने, परत रेघेवर झटकली.