फोटो तरुण, आवाज म्हातारा

मी एक जुनी कॅसेट आहे. अमेरिकी खेड्यांतले कंट्री संगीत गाणाऱ्या व्हर्लिन टॅकेटची गाजलेली गाणी माझ्या पोटात आहेत. मित्रांनो, पहिल्याच भेटीत सांगून ठेवते, नुसते माझे तोंड पाहून माझ्यावर भरवसा ठेवू नका. एका भल्या घराने तो ठेवला, आणि पुढे जे झाले ते मला अजून बोचते.

माझा जन्म असा झाला. व्हर्लिनने ही गाणी तरुणपणी स्वतः लिहिली, स्वतः गायली, आणि डोंगरातल्या खाणवस्त्यांत ती घरोघर पोचली. पण त्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर हक्क जुन्या कंपनीचा. तिने ती कपाटात घालून कुलूप लावले. म्हातारपणी व्हर्लिनला दुसरा एक व्यापारी भेटला. त्याने नवे वादक आणले आणि तीच गाणी व्हर्लिनकडून पुन्हा गाऊन घेतली. आवाज आता वर चढेना, म्हणून सगळी गाणी खालच्या पट्टीत उतरवली. माझ्या वेष्टनावर मात्र काळ्याभोर केसांचा, पंचविशीतला व्हर्लिन छापला. फोटो तरुण, आवाज म्हातारा. मला हे ठाऊक होते. पण कॅसेटला आपल्या मनचे बोलता येत नाही. पोटात भरले असेल तेवढेच तिच्या तोंडून निघते.

पेट्रोल पंपाच्या दुकानात, खाऱ्या शेंगदाण्यांच्या पुड्यांशेजारी मी टांगलेली होते. तिथून मला डेल्फिया कॉनलीने उचलले. केंटकीच्या डोंगरात, ओढ्याकाठी तिचे घर. सकाळी बायबलचे एक पान वाचल्याशिवाय ती कुणाशी शब्द बोलत नसे. तिचा नवरा होबर्ट खाणीत कामाला होता आणि दर बुधवारी संध्याकाळी चर्चमधल्या प्रार्थनेला स्टील गिटार वाजवी. गिटार मांडीवर आडवी, आणि तारांवरून सरकणारी लोखंडी कांडी. लग्नाआधी तो आठवडाभर नॅशव्हिलला, जिथे ही गाणी मुद्रित होत, त्या शहरात गेला होता. तिथे 'दोरीवरचा ऍप्रन' या व्हर्लिनच्या गाण्यात त्याने गिटार वाजवली होती. त्या गाण्याची तबकडी हातात घेऊनच तो डेल्फियाला मागणी घालायला आला होता. पुढे ओढ्याला पूर आला, घरातले सगळे सामान वाहून गेले, त्यात ती तबकडीही गेली. पुन्हा कुठे मिळाली नाही. म्हणून मला पाहताच डेल्फियाचे डोळे चमकले होते.

होबर्टचा वाढदिवस होता. चर्चहून आल्यावर टेबलावर मक्याचा पाव आणि शिजवलेला घेवडा वाढलेला होता. डेल्फियाचा धाकटा भाऊ क्लेट जेवायला आलेला.

"आता ऐका, कोण वाजवतंय," असे म्हणून तिने मला टेपमध्ये घातले.

ऍप्रनचे गाणे लागले. मध्येच गिटार आली, लखलखीत, नखरेल. होबर्टचा घास हातातच राहिला.

"हा मी नाही," तो म्हणाला.

क्लेट खो खो हसला. "काय दाजी, इतकी वर्षं तुम्हीच होतात. आज कॅसेट घरात आली, तर तुम्ही पळालात?"

"मी वाजवलं होतं, क्लेट. मलाच काढून टाकलं असेल त्यांनी."

"हो तर. नाहीतर उंदरानं कुरतडलं असेल. ताई, तुला पटवायला मारलेली थाप गं ती. आता मासा गळाला लागून म्हातारा झाला, आता कशाला तोंड पाडतेस? पाव दे इकडे."

डेल्फियाने पाव दिला. पण तिची नजर होबर्टच्या तोंडावरून हलेना. मला त्या नजरेची भीती वाटली.

मित्रांनो, एक टाका निसटला की सगळी शिवण उसवते. हे खोटे असेल, तर बाकीचे खरे कशावरून? तो आठवडा तो नॅशव्हिललाच होता का? एकटाच होता का? ती त्याच्या कोटाचे खिसे उलटे करू लागली. आडून आडून विचारू लागली.

"तेव्हा नॅशव्हिलला थंडी होती का रे?"

"होती की."

"मागे तर पाऊस म्हणाला होतास."

"थंडीत पाऊस पडत नाही का, डेल्फिया?"

होबर्टच्याही मनात किल्मिष शिरले. व्हर्लिनने आपल्याला गाण्यातून पुसले, असे त्याने धरले. गिटार पलंगाखाली गेली. बुधवारी तो घरीच बसू लागला. चर्चमध्ये बायका विचारीत, तेव्हा डेल्फिया सांगे, "पाठ धरलीय त्यांची." आणि मग त्या खोट्याबद्दल देवाकडे क्षमा मागे.

तो कामावर गेला की ती मला लावी आणि कान अगदी जवळ आणी. फौजदार संशयिताला तेच तेच विचारतो, तसे मला पुन्हा पुन्हा मागे फिरवी. मी काय करणार? तीच साक्ष देत राहिले. माझी फीत झिजली, तिची झोप गेली.

एके दुपारी ती सफरचंदे सोलत होती. हात कामात, मी सुरू. नकळत ती गाऊ लागली. व्हर्लिनच्या चालीखाली दुसरा, साथीचा सूर धरून गायची तिची जुनी सवय, तबकडी असताना रोजची. 'ऍप्रन वाळला, पोरगा परतला नाही' या ओळीवर तिचा आवाज तळाला लागला आणि विझला.

सुरी थांबली. तिने मला मागे फिरवले, पुन्हा गायली. पुन्हा आवाज विझला.

"ही ओळ मला कधी जड गेली नव्हती," ती स्वतःशीच पुटपुटली. "वयानं बाईचा आवाज उतरतो, चढत नाही; खालचे सूर तर सोपे जायला हवेत. मग गाणंच खाली आलंय."

तिने माझे वेष्टन उचलून खिडकीशी धरले. काळ्या केसांच्या पोराकडे पाहिले. मग पुन्हा माझा आवाज ऐकला, ओळीच्या मध्येच धाप टाकणारा. "हा पोरगा गात नाहीये," ती म्हणाली. इतक्या दिवसांत मला प्रथमच हलके वाटले.

होबर्ट घरी आला, तेव्हा ती दारातच उभी होती.

"त्या दिवशी तू 'हो, मीच' का नाही म्हणालास? क्लेटला काय कळणार होतं? मलासुद्धा काय कळणार होतं?"

होबर्टने बूट काढता काढता वर पाहिले. "मी नव्हतोच त्यात. मग कसं म्हणू?"

डेल्फियाने त्याचे बूट उचलून दाराआड ठेवले. थाप मारणारा माणूस त्या टेबलावर किती सहज सुटला असता, हे तिला आता दिसत होते. पडताळून पाहायला जुनी तबकडी नव्हती, आणि आता तिला ती नकोही होती.

"म्हाताऱ्यानं नव्यानं गायलंय ते," ती म्हणाली. "तुला कुणी काढलेलं नाही." मग आत वळत म्हणाली, "बुधवारी जरा लवकर जेवून घे. गिटारवर बोटभर धूळ आहे. आणि क्लेटशी मी बोलते."

आता मी ड्रॉवरमध्ये, बटणांच्या डब्याशेजारी पडून असते. मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, माझी फीत ओढू नका. आणि माझ्या साक्षीवर कुणाला खोटे ठरवण्याआधी, मी कोण, कधीची, हे आधी विचारा. बुधवारी निघण्यापूर्वी होबर्ट तारा जुळवतो, ते मला इथे ऐकू येते. त्याची गिटार माझ्यातल्या गिटारीसारखी लखलखत नाही, ती साधी आहे, जरा थांबून बोलणारी. ती माझ्यात नाही. पण जे माझ्यात नाही ते जगात कधी नव्हतेच, असे तेवढे समजू नका.