बांबूवरच्या तेवीस खाचा

विज्ञान शिकवणाऱ्या तृप्ती कापगते बाईंनी बुधरामला वर्षभरात चार चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. चारही चिठ्ठ्यांवर त्याची सही होऊन आली. तो स्वतः एकदाही आला नाही. मग त्या तीनदा त्याच्या घरी गेल्या. तिन्ही वेळा तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, त्यांची स्कूटी दिसताच बुधरामचा डोंगा काठ सोडून पाण्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तीन निरीक्षणांवरून नियम मांडू नये, असे त्या वर्गात सांगत. पण डोंग्याच्या दिशेबद्दल त्यांना फारशी शंका उरली नव्हती.

प्रश्न रंजूचा होता. बुधरामची ही धाकटी मुलगी आठवीत होती आणि गावची शाळा आठवीपाशीच संपत होती. नववीसाठी सहा किलोमीटरवर सानगडीला जावे लागे. बुधरामने घरात जाहीर केले होते की एवढे शिक्षण पुरे. त्याचे मन वळवायला एप्रिल महिना तेवढा हातात होता.

तिसऱ्या भेटीत रंजूच्या आईने, मंदाबाईने, चहा पुढे करत कारण सांगितले. थोरलीच्या वेळी बुधरामला पालक सभेत सगळ्यांसमोर उभे करून तिचे गणितातले गुण ऐकवले होते. तो अपमान पुन्हा नको, म्हणून रंजूची शाळाच नको.

"शाळेचा कागद आला का पोरीचं काही बिघडलंच, असं समजते ते," ती म्हणाली. "चांगलं सांगाले कोण येते, मॅडम?"

बाईंना हे विधान अतिशयोक्त वाटले. घरी जाऊन त्यांनी वर्षभरात पालकांना पाठवलेल्या चिठ्ठ्यांच्या नकला काढल्या. एकतीस निघाल्या. गैरहजेरी, अपुरा गृहपाठ, फुटलेली काच. चांगली बातमी एकाही चिठ्ठीत नव्हती. बुधरामच्या चिठ्ठ्यांत तर 'मुलीच्या प्रगतीबाबत भेटावे' एवढेच होते. प्रगती कोणत्या दिशेची, हे लिहायचे राहून गेले होते.

रविवारी सकाळी त्या पायीच निघाल्या, हातात कागदाचा चिटोराही न घेता. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे त्यांना माहीत होते. पण वेळ कमी होता.

बुधराम पारीखाली जाळे झटकत होता. बाईंना पाहून तो उठला, त्याने डोंग्याकडे एकदा पाहिले आणि चक्क त्यांच्या दिशेने चालत आला. आज तक्रार त्याचीच होती.

"बरं झालं आल्या, मॅडम. तुमच्या पोरीनं माह्या बांबूचा पुरा सत्यानाश केला."

स्वतःच्या मुलीला 'तुमची पोरगी' म्हणण्यातला टोमणा बाईंना कळला. डोंगा ढकलायच्या बांबूवर विळ्याने पाडलेल्या खाचा होत्या. हात सरकला की तळव्याला लागत. बाईंनी मोजल्या. तेवीस. दिवाळीत त्यांनी वर्गाला काम दिले होते: कोणतीही एक गोष्ट दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच वेळी मोजायची. इतरांचे वेल आणि कोंबडीची पिल्ले महिनाभरात मोजायची राहिली. रंजू मात्र तलावाचे पाणी मोजत राहिली. तळाला टेकवलेल्या बांबूवर जिथवर पाणी येई, तिथे एक खाच. तिच्या वहीतले आकडे आधी कुठे कोरले जात होते, ते बाईंना आज दिसले.

त्यांनी व्याख्यान द्यायचा मोह आवरला आणि सर्वांत वरच्या दोन खाचांपैकी एकीवर बोट ठेवून ही कधीची असेल, एवढेच विचारले.

"दिवारीची," बुधराम लगेच म्हणाला. मग त्याचे बोट खाली सरकू लागले. इथे नहराला पाणी सोडले, म्हणून एकदम चार बोटे उतरले. इथे थंडी, पाणी फारसे हलले नाही. इथून ऊन लागले. वरच्या दुसऱ्या खाचेपाशी परत येऊन तो थबकला.

"हे चुकली. हे माघ महिन्यातली. बिना पावसाचं पानी वर कसं चढंल? तिथं गाळ काढलेला खड्डा हाये. बांबू त्याच्यात गेला."

"तिच्या वहीत त्या रविवारपुढे प्रश्नचिन्ह आहे. 'जागा चुकली असावी' असं लिहिलंय तिनं."

"तुमी सांगतलं असंल."

"नाही. मला चूक दिसलीच नव्हती. मी बरोबरची खूण करून वही परत दिली होती. दुसऱ्या दिवशी तिनंच येऊन सांगितलं."

बुधरामने बांबू हातात एकदा फिरवला. मग, अजून काही उरलेच असणार अशा तयारीने, त्याने विचारले, "मंग तक्रार काय हाये?"

"तक्रार नाही. हेच सांगायला चार चिठ्ठ्या पाठवल्या होत्या."

"मंग तसं लिवाचं ना."

आक्षेप रास्त होता. सानगडीबद्दल तो त्या दिवशी हो म्हणाला नाही. रंजू तिकडे गेल्यावर पाणी कोण मोजेल, एवढे मात्र त्याने विचारले. रविवारी त्याही शाळेला सुट्टी असते, असे बाईंनी सांगितले.

पुढच्या आठवड्यात बाईंनी पहिली चांगली चिठ्ठी वर्गातल्या डिंपलच्या वडिलांना, तुलारामला, पाठवली. तो धानाच्या बांधीतले काम तसेच सोडून धापा टाकत आला आणि पोरीने केले तरी काय, असे विचारू लागला. जुन्या सवयीवर एक चिठ्ठी पुरत नाही, अशी नोंद बाईंनी केली.

एक मेला निकाल लागला. बुधराम सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या बाकावर बसला होता. त्याने रंजूचा दाखला मागितला, सानगडीच्या शाळेत द्यायला. निघताना त्याने सहज सांगितले की डोंग्यासाठी नवा बांबू आणला आहे, आणि जुना पाणी मोजायला तलावातच, खड्ड्यापासून दूर, कडक जागी ठोकून ठेवला आहे.

बाईंना लगेच शंका आली. बांबू जेवढा जमिनीत गेला, तेवढ्या जुन्या खाचा खाली आल्या असणार. त्यांनी किती ठोकला, असे विचारले.

"दीड हात," बुधराम म्हणाला. "रंजूनं वहीत लिवून ठेवलं. मॅडम इचारतीनच, म्हने."