अननसाचा साक्षीदार

मित्रांनो, मी साडेआठ महिने वयाचा काळा चहा आहे. माझ्या डब्यावरचा मजकूर सांगतो, की उष्ण किनाऱ्यांवर मिळणाऱ्या अननस-नारळाच्या एका थंड पेयावरून मला घडवले. ते पेय मी पाहिलेले नाही. त्यात मद्य असते, माझ्यात नाही. अननसाचे चार सुकलेले तुकडे माझ्यात आहेत, पण ते शोभेपुरते. वास बाटलीतून आला आहे. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढची हकिगत वासाच्या खरेपणाचीच आहे.

माझी पाने प्रथम पसरून थंड केली, मग फिरत्या पिंपात घालून त्यांवर सुगंधाचा बारीक फवारा मारला. हे काम मिश्रणवाले काका करीत. माझे भाऊबंद खोक्यांत बसून दुकानांत गेले. मी मात्र मागे राहिलो. प्रत्येक खेपेतला एक डबा सीलबंद करून नमुना म्हणून कपाटात ठेवायचा, अशी कारखान्याची रीत. पुढे शंका आलीच, तर ताडून पाहता यावे.

मला सील करण्यापूर्वी चव पाहिली ती नाकबाईंनी. हे कामगारांनी ठेवलेले नाव. त्या बावीस वर्षे चहा पारखत होत्या. तीन ग्रॅम पाने, पाच मिनिटे, मग चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा आणि थुंकायचा.

"अननस पुढे, नारळ मागे. जमलंय," त्या म्हणाल्या होत्या. या कौतुकावर मी आठ महिने अंधारात काढले. चहाला ऐकू कसे येते हे विचारू नका. समाधानकारक स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही.

मग नाकबाई तापाने आजारी पडल्या. पंधरा दिवसांनी त्या परतल्या, तेव्हा माझ्याच जातीची नवी खेप टेबलावर होती. त्यांनी ती तीनदा चाखली.

"काका, नारळ आहे पुसटसा. अननस कुठाय?"

"असं काय करता बाई? घमघमाट सुटलाय नुसता."

खोकी भरणाऱ्या बायकांना बोलावले. अननसाचे चित्र असलेले खोके हातात धरूनच त्यांनी वास घेतला. सगळ्यांना अननस आला.

दुपारी नाकबाईंनी राजीनामा लिहून एप्रनच्या खिशात ठेवला. त्यांची भाची त्याच कारखान्यात पानांतला ओलावा मोजत असे. तिने तो कागद पाहिला.

"मावशी, नाक गेलं हे कशावरून?"

"सगळ्यांना येतोय, मला येत नाही. आणखी काय पाहिजे?"

"सगळ्यांनी चित्राचा वास घेतलाय. जुना नमुना काढ. नाक गेलं असेल, तर तुला दोन्ही सारखेच लागतील."

"आणि लागले तर?"

"तर दे राजीनामा. मीच टाईप करून देते. तुझं अक्षर साहेबांना लागायचं नाही."

माझे सील तुटले. एकदा उघडलेला नमुना पुन्हा साक्षीला चालत नाही, हे मला ठाऊक होते. भाचीने पडद्यामागे कप भरले. प्रत्येक फेरीत तीन, दोन एका चहाचे, एक दुसऱ्याचा. तुकडे गाळून टाकले. कप नेण्याचे काम काकांना दिले, आणि कोणत्या कपात काय आहे हे त्यांना सांगितले नाही. नाकबाईंनी डोळे मिटले. वेगळा कप ओळखायचा होता.

पहिल्या फेरीत त्यांनी इतका वेळ घेतला, की चहा कोमट झाला. मग म्हणाल्या, "मधला."

बरोबर होते. पुढच्या पाचही फेऱ्या बरोबर आल्या. सहा वेळा नुसत्या नशिबाने असे घडण्याची शक्यता सातशे एकोणतीसात एक. भाचीने आकडा सांगितला, तेव्हा नाकबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी एक घोट न थुंकता गिळला. बावीस वर्षांत हे प्रथमच घडले, असे काका नंतर सांगत.

आता काका टोपी काढून उभे राहिले. "पोरी, तूच म्हणालीस ना, पानं ओली आहेत? म्हणून पुन्हा भट्टीतून काढली. गाडी दारात उभी होती. गार करायला थांबलो नाही."

गरम पानांवरच फवारा मारला होता. अननसाचा वास हलका, तो वाफेबरोबर उडून गेला. नारळाचा जड, तो थोडा टिकला.

"मला पण घमघमाट आला होता हो, बाई. खोटं नाही बोललो."

"माहितेय. फवारा तुम्हीच मारलेला, तुम्हाला येणारच," नाकबाई म्हणाल्या. "आता पानं गार करा, आणि नव्यानं मारा."

साक्ष संपल्यावर उरलेला मी नाकबाईंच्या घरी आलो. रविवारी मावशी-भाची माझा चहा करतात. घडी घातलेला राजीनामा गरम किटलीखाली असतो. त्यावर तपकिरी वर्तुळे पडली आहेत. झाकण उघडले, की माझ्यातला थोडा अननस जातो. त्याची मला खंत नाही. कपाटात मी अख्खा होतो, पण कोणाच्या उपयोगाचा नव्हतो.

तरी मित्रांनो, चहा घेतल्यावर डब्याचे झाकण घट्ट लावत जा. आणि आपल्याला एकट्यालाच वास येत नसेल, तर नाकाला दोष देण्याआधी डोळे मिटून तीन कप मांडून पाहा.